तिखटबाईचा पुरावा

ताराचंदला आपल्या बायकोच्या जिभेचा पुरावा गोळा करायचा होता, आणि तोही तिला पत्ता लागू न देता. नाचणगावात पहिलं काम सोपं होतं. दुसरं आजवर कोणाला जमलं नव्हतं.

गोपिका सांडग्या मिरच्या विकायची. मिरच्या घरच्याच मळ्यातल्या. मसाला भरून, दह्यात मुरवून, उन्हात कडक वाळवलेल्या. पुलगावच्या बाजारात तिच्यासमोर कोणी पाकीट दाबून पाहिलं, की त्याचं काही खरं नसे. "चुरा कायले करता? मऊ असती तं म्या आणलीच नसती!" 'मागची मिरची करपली' म्हणणाऱ्या बाईला ती सुनवायची, "मिरची नाई करपली, तुह्यं लक्ष टीव्हीत होतं." लोक हसत, बोलणी खात आणि पुन्हा तिच्याकडेच येत. पाकिटावर नाव नव्हतं. ते लोकांनीच ठेवलं होतं : तिखटबाईची मिरची.

मग हेमराज नावाच्या व्यापाऱ्याने 'तिखटबाई' असं छापलेली पाकिटं बाजारात आणली. आत बुरशी. फसलेले लोक गोपिकाकडे भांडायला येत. ती दुप्पट आवाजात त्यांना झापायची, मग ते पाकीट ठेवून घेऊन आपलं एक हातात द्यायची.

"अवो, ते आपलं नाई ना," ताराचंद म्हणायचा.

"नाव तं माह्यंच खराब होऊन राह्यलं!"

ताराचंद बोरगाव मेघेला वकील उज्वला मॅडमकडे गेला. मॅडमने 'तिखटबाई' या नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज भरला; मिरच्या भरता भरता गोपिकाने त्यावर न वाचताच सही केली. काही महिन्यांनी त्यावर ट्रेडमार्क कार्यालयाची हरकत आली.

"तिखट हा मिरचीचा गुणच झाला," मॅडमने समजावलं. "असा शब्द एकट्याच्या मालकीचा होत नाही, म्हणतात."

"पण मॅडम, मिरची तिखट नाईच! लेकरंबी खातेत. तिखट बाई हाय."

मॅडमने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "हे सिद्ध करता येईल?"

"कोणालेबी विचारा."

"विचारून नाही चालणार. गिऱ्हाइकांकडून लिहून आणा. आणि तुम्ही स्वतः प्रतिज्ञापत्र करा."

ताराचंद सायकल काढून घरोघरी फिरला. निवृत्त मास्तर प्रभाकरराव तर या संधीची वाट पाहत असावेत. त्यांनी तारीखवार चार पानं भरली. अकरा जणांनी लिहून दिलं. बारावी शेजारीण कोकिळा. तिने लिहून काहीच दिलं नाही, पण गोपिकाला जाऊन सांगितलं, "ताराचंदभाऊ तुह्याविरुद्ध कागद जमवून राह्यले. वकिलासाठी."

गोपिका घरी काही बोलली नाही. ताराचंदने दूध उतू घालवलं, तरी बोलली नाही. पुढच्या बाजारात तर ती गिऱ्हाइकांना म्हणाली, "घ्या ना ताई. दाबून पाहा, काई हरकत नाई."

ताईंनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. "गोड बोलून राह्यली म्हणजे माल उतरला असंन," असं त्या बाजूच्या बाईला म्हणाल्या आणि दोघी पुढे गेल्या. त्या दिवशी अर्धी टोपली घरी परत आली. इकडे ताराचंद तिखटपणाचा पुरावा जमवत होता आणि तिकडे तिखटपणाच संपत चालला होता.

हरकतीवरची सुनावणी उज्वला मॅडमच्या कॉम्प्युटरवर होती. गोपिका खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "कुठं सही करू सांगा. माहेरची भांडी तेवढी घेऊन जाईन."

"कोणती भांडी?"

"सोडचिठ्ठी देऊन राह्यले ना मले?"

ताराचंद तिला समजवायला पुढे सरकला. तेवढ्यात पडद्यावर ट्रेडमार्कचे साहेब आले आणि मॅडम पत्रं वाचू लागल्या. 'माझं ब्लडप्रेशर वाढलेलं असताना खारट मिरची मागतो म्हणून बाईंनी मला भर बाजारात मूर्ख म्हटलं,' प्रभाकररावांनी लिहिलं होतं. 'पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी बिनमिठाची वेगळी वाळवून आणली. तेव्हाही मूर्खच म्हटलं.' दुसरं पत्र एका सुनेचं होतं. तिसरं एका खानावळवाल्याचं. आरंभी सगळ्यांनी बोलणी खाल्ली होती, शेवटी सगळे म्हणत होते, आम्ही दुसरीकडे जात नाही.

गोपिकाने पदर तोंडाला लावला. साहेबांनी तिला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?" ती नुसती मान हलवत राहिली. डोळे भरून वाहत होते.

"या तर फारच शांत दिसतात," साहेब म्हणाले.

"शांत?" जन्मात कधी आवाज न चढवलेला ताराचंद ताडकन उठला. "शांत कायची, साहेब? हे शांत असती तं आमी कवाचे बुडालो असतो! तिच्या धाकानं माह्या हातून आजवर एक सडकी मिरची पाकिटात गेली नाई! अन् तुमी तिले शांत म्हणता?" त्याने टेबलावर हात आपटला. मॅडमचा चहा सांडला.

"खाली बसा!" गोपिका कडाडली. "मॅडमचे कागद भिजवले ना! आन् साहेब, तुमीबी! अकरा माणसानं लिहून देल्लं, आता काय सारा बाजार आणू तुमच्यापुढं?"

पडद्यावर साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. हसू पुसलं की घाम, ते कळलं नाही. "माझी खात्री झाली," ते म्हणाले. "हरकत मागे."

सरकारी पत्रिकेत नावाची जाहिरात निघाली, मुदत संपली, कोणी विरोध केला नाही. हेमराजने मॅडमची नोटीस वाचून आपली पाकिटं मुकाट्याने उचलली. प्रमाणपत्र आलं, त्याबरोबर मॅडमने सगळी फाईलही परत दिली.

गोपिका अंगणात मिरच्यांजवळ बसून एकेक कागद वाचत होती. सगळ्यात खाली ताराचंदचं प्रतिज्ञापत्र निघालं. ते तिने बोट ठेवून वाचलं : 'माझी पत्नी माझ्यावर रोज खेकसते. बत्तीस वर्षांत ती विनाकारण खेकसल्याचं मला आठवत नाही. हे मी शपथेवर सांगतो.'

मिरच्या उलटवणाऱ्या ताराचंदपुढे तिने तो कागद धरला.

"शपथेवर खोटं लिहितेत का?" ती म्हणाली. "मागच्या पोळ्याले बैलाच्या झुलीपायी तुमच्यावर खेकसली, ते झूल तुमी नाई, मीच हरवली होती."