सवरीमुत्तूचं गुपित खडप

"माझं खडप नकाशावर आणणारा माणूस अजून जन्माला यायचाय," असं सवरीमुत्तूने चहाच्या टपरीवर दहा जणांदेखत ठणकावून सांगितलं. बढाई पोकळ नव्हती. समुद्रातून बघताना चर्चचा मनोरा एकट्या ताडामागे लपला आणि दीपस्तंभ बर्फ कारखान्याच्या टाकीवर चढून बसला, की होडीखाली ते पाण्यात बुडालेल्या खडकांचं खडप येतं, ही खूण बापाने मरताना त्याच्या कानात सांगितली होती. तीस वर्षं त्याचं घर तिथल्या मासळीवर चाललं होतं, पण बायकोला, रोसम्मालला, त्याने पत्ता लागू दिला नव्हता. कधीमधी तिथे मेहुणा कास्पर भेटे. मग दोघेही "वाट चुकलो" म्हणत आणि गळ लपवत. कास्पर बिचारा फारच वाट चुकायचा.

अशात समुद्रात पवनचक्क्या उभारायची टूम निघाली. कंपनीच्या इंजिनीअर वैदेहीबाईंनी चर्चच्या हॉलमध्ये नकाशा अंथरला. "तुम्ही जिथे मासे धरता तिथे लाल ठिपका चिकटवा. तिथे आम्ही चक्की उभारणार नाही."

अख्ख्या गावासमोर? सवरीमुत्तूने मनातल्या मनात संत अंतोनीची माफी मागितली आणि तीन मैल दक्षिणेला, निव्वळ वाळूवर ठिपका चिकटवला. कास्परने चिखलात लावला. बाकीच्यांनीही जिथे खेकडा फिरकत नाही अशाच जागा धरल्या. ही माणसं इतकी वर्षं पोट कशी भरतात याचं सवरीमुत्तूला नवल वाटलं, थोडी दयाही आली.

महिन्याने आराखडा आला. "तुमच्या एकाही ठिपक्याला धक्का लावलेला नाही," वैदेहीबाई कौतुकाने म्हणाल्या. सात नंबरची चक्की बरोबर सवरीमुत्तूच्या खडपाच्या डोक्यावर होती. हॉलमध्ये कुणीच टाळी वाजवली नाही.

घरी माशाची आमटी समोर निवत चालली, तरी त्याचा हात ताटात जाईना.

"ठिपका खोटा लावलात ना?" रोसम्माल म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कपाटाची किल्ली कुठे ठेवता ते मला तीस वर्षांत खरं सांगितलं नाहीत. कंपनीला खडप सांगणार होतात?"

"अगं, बापाला शब्द दिलाय."

"मामंजी गेले वर. आपल्याला इथे खाली जेवायचंय. उद्या सकाळी जा आणि खरं काय ते सांगून या."

सकाळी प्रार्थनेला जातो म्हणून तो निघाला आणि मिठागरांना वळसा घालून वैदेहीबाईंच्या विश्रामगृहाच्या मागच्या दारी पोचला. तिथे पडवीतल्या बाकावर कास्पर बसला होता. त्याच्या पलीकडे गावातले आणखी नऊ जण छताकडे बघत होते.

"तू इथे कसा रे?"

"दाढ दुखतेय," कास्पर म्हणाला. "तुम्ही, भावोजी?"

"वाट चुकलो."

बाईंनी एकेकाला आत बोलावून दार लावून घेतलं. सवरीमुत्तूचा नंबर शेवटचा लागला. त्याने कुजबुजत सांगितलं, मनोरा, ताड, दीपस्तंभ, टाकी. सांगताना बापाच्या खिशात हात घातल्यासारखी त्याला लाज वाटली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वडिलांनी मरताना सांगितलं असेल?"

"तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी नकाशा त्याच्याकडे फिरवला. त्या जागेवर दहा लाल ठिपके एकावर एक चिकटून चांगलं टेंगूळ आलं होतं. अकरावा चिकटायला तयार होईना.

"सात नंबर हलवते," बाई हसू दाबत म्हणाल्या. "तुमच्या जुन्या ठिपक्यांखाली भरपूर जागा मोकळी झालीय."

अकराही जण एकमेकांकडे न बघता घरी गेले. सवरीमुत्तूला आधी बापाचा भयंकर राग आला. मग आठवलं, म्हाताराही समुद्रावरून आला की नेहमी सांगायचा, आज कास्परचा बाप वाट चुकलेला दिसला. तेव्हा मात्र त्याला रस्त्यातच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मनोरा ताडामागे लपला, तेव्हा खडपावर अकरा होड्या होत्या. कुणीच गळ बाहेर काढेना. शेवटी कास्परने हात वर केला.

"वाट चुकलो, भावोजी."

"मी पण रे," सवरीमुत्तू म्हणाला आणि होडी जरा सरकवून त्याला जागा करून दिली.