बाबूजी सहित अलाइनमेंट

विहंग पुराणिकनं गाडी दोन इंच खाली बसवून घेतली, तेव्हा त्यानं स्प्रिंगांचा विचार केला, टायरांचा केला, वळणांचा केला. शेजारच्या सीटवर रोज कोण बसतं याचा तेवढा करायचा राहिला. तिथं त्याचे वडील बसत. बापू पुराणिक, वय पंच्याहत्तर, रेल्वेतून पटरीचे इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त. त्यांचे दोन्ही गुडघेही साधारण त्याच सुमारास निवृत्त झाले होते.

"ही गाडी आहे का पाट?" पहिल्या दिवशी आत बसल्यावर बापूंनी विचारलं. बसल्यावर म्हणजे पडल्यावर.

"स्पोर्टी आहे बापू. वळणावर रस्त्याला एकदम चिकटून जाते."

"माधवनगर ते रामघाट असं कोणतं वळण आहे रे, ज्याला तुला चिकटायचंय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. विहंगचं ऑफिसचं काम घरूनच चाले. गाडीची रोजची धाव म्हणजे सकाळी बापूंना नदीकाठच्या रामघाटावर न्यायचं, अर्धा तास पायऱ्यांवर बसायचं आणि परत आणायचं. एवढ्यासाठी त्यानं शर्यतीच्या गाडीसारखी गाडी बसवली होती. माणसाला दुःख झालं की तो काय करील सांगता येत नाही. कोणी दाढी वाढवतो, यानं गाडी खाली घेतली.

दुःख होतंच. आई, उषाताई, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्या होत्या तोवर बापलेकांचं बोलणं त्यांच्यामार्फत चाले. "विहंगला सांग, लाइट चालू ठेवून गेलाय." "बापूंना सांग, त्यांनीच ठेवली." आता मधलं ठाणंच बंद पडलं होतं. घरात दोघं समोरासमोर बसून जेवत आणि वरणात मीठ नसलं तरी एकमेकांना सांगत नसत. बोलत फक्त गाडीत. तेही भांडण. पण जाता-येता मिळून चाळीस मिनिटं ते भांडत, आणि विहंगला दिवसातला तेवढाच वेळ बरा वाटे. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

मग ती घाटावरची सकाळ आली. बापूंना गाडीतून उतरता येईना. एक पाय बाहेर, एक आत, विहंगनं हात धरलेले, दोन वाटसरू काखेत हात घालून ओढताहेत. हे बघून घाटावर दहावे-तेरावे करणारा एक पंडा लगबगीनं आला आणि अदबीनं म्हणाला, "कौन गाँव के यजमान? दसवाँ है कि तेरहवाँ?"

"अभी टाइम है," बापू म्हणाले. अजून ते अर्धे गाडीतच होते.

विहंगला हसू आलं होतं, पण बापू हसले नाहीत. परतीच्या वाटेवर भांडलेही नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी विहंगनं मुद्दाम सिग्नल तोडता तोडता गाडी थांबवली, तरी बापू खिडकीबाहेरच बघत राहिले. तेव्हा विहंग घाबरला.

त्याच आठवड्यात टायर गेले. खाली बसलेल्या गाडीची चाकं वरून आत कलतात आणि टायर आतल्या कडेनं झिजतात. विहंगचे इतके झिजले की तारा दिसू लागल्या. नवे टायर घालून तो शनिवारी राठौर भैयांच्या अलाइनमेंटच्या दुकानात गेला. बापूंनाही आग्रहानं बरोबर घेतलं. चाकं हा विषय आहे, यावर तरी भांडतील, एवढीच त्याची आशा होती.

आशा फळली. "दोन डिग्री कलती ठेवा," विहंग म्हणाला.

"शून्य," बापू म्हणाले. "उभी वस्तू उभी पाहिजे."

"भैया, रोज चलानी है कि रेस लगानी है?" राठौर म्हणाले. "दो डिग्री में तो ये टायर भी अंदर से खा जाएगी. एक डिग्री रखो, और आगे के पहिये सीधे. बाबूजी, नीची गाड़ी में ज़ीरो होता नहीं."

एक डिग्रीवर तह झाला. राठौर कामाला लागणार तेवढ्यात बापूंनी हात वर केला. "गाडी रिकामी का मोजून राहिले तुम्ही? रिकाम्या पटरीचं माप खोटं असतं. वजन वर आलं की खरं कळतं. रोज जेवढी माणसं बसतात, तेवढी बसवून मोजा."

राठौर भैयांनी अशी माणसं पाहिली नव्हती, पण मुद्दा त्यांना पटला. बापलेक आपापल्या सीटवर बसले, रॅम्प वर गेला, आणि जमिनीपासून पाच फुटांवर असताना लाइट गेली.

"नीचे लो ना," विहंग खिडकीतून ओरडला.

"लॉक खोलने को हवा चाहिए. हवा को कंप्रेसर चाहिए. कंप्रेसर को लाइट चाहिए," राठौर खालून म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

दीड तास दोघं तसेच अधांतरी बसून होते. समोर टायरांची चळत आणि एक जुनं कॅलेंडर, बघण्यासारखं दुसरं काही नाही. बापूंनी आधी कॅलेंडर वाचलं. मग म्हणाले, "मी केतकीकडे जाऊन राहिलोय. नाशिकला. उद्या ती घ्यायला येतेय."

केतकी म्हणजे विहंगची मोठी बहीण. "किती दिवस?" त्यानं विचारलं.

"बघू. मला गाडीतून चार लोकांनी उपसून काढायचं, हे रोज नको. उषेच्या वेळी त्या पंड्यानं हेच विचारलं होतं. या खेपेस जरा घाई केली, एवढंच."

जाऊ नका, असं विहंगला म्हणायचं होतं. पण या घरात असली वाक्यं आईमार्फत जात, थेट जात नसत. तो म्हणाला, "चाकांचा कल आणखी अर्धी डिग्री कमी करू का?"

"नको. एक ठीक आहे," बापू म्हणाले.

लाइट आली. काम झालं. राठौरनी बापूंचं वजन विचारून कार्डावर लिहिलं : 'दो सवारी, बाबूजी सहित, ६२ किलो.' घरी जाताना विहंगनं क्षणभर स्टिअरिंग सोडून पाहिलं. गाडी रुळावरून जावी तशी सरळ गेली. "पास," बापू म्हणाले. रविवारी ते नाशिकला गेले.

सोमवारी सकाळी सवयीनं विहंग एकटाच घाटाकडे निघाला, तर गाडी डावीकडे ओढू लागली. रिकाम्या सीटकडे. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे धरलं, सैल केलं, की पुन्हा डावीकडे. तो दुकानात गेला, तर राठौर म्हणाले, रस्त्याला उतार आहे. मंगळवारी त्यांनी हवा तपासली. बुधवारी टायर अदलाबदल केले. गुरुवारी कार्ड काढलं, वाचलं आणि विचारलं, "बाबूजी कहाँ हैं?"

"नासिक."

"तो यही तो बात है. दोनों के वज़न पे सेट की थी. अकेले बैठोगे तो आपकी साइड दबेगी, बाबूजी वाली उठेगी, और गाड़ी बाबूजी की तरफ़ खींचेगी. लाओ, पाँच मिनट में अकेले की कर देता हूँ."

त्यांनी पाना उचललाही होता. विहंगनं त्यांचा हात धरला. एकट्याचं सेटिंग करायचं, म्हणजे बापू येणार नाहीत यावर सही करायची. "रहने दो," तो म्हणाला.

घरी शरबती गव्हाची पोती होती. त्यानं तीस किलोची दोन पोती बापूंच्या सीटवर ठेवली. गाडी सरळ झाली, पण घंटी वाजू लागली, म्हणून त्यानं गव्हाला सीटबेल्ट लावला. रोज सकाळी तो गव्हाला घेऊन घाटावर जाई, अर्धा तास बसे आणि गव्हाला परत आणी. आठव्या दिवशी एका रिक्षावाल्यानं कट मारला, तेव्हा "बघितलं ना, माझी चूक नव्हती," असं तो पोत्याला म्हणाला. पोतं वाद घालत नव्हतं. विहंगला रडू यायचं तेवढं राहिलं.

त्या दिवशी दुपारी बापूंचा फोन आला. "केतकीची गाडी फार उंच आहे रे. चढायला स्टूल लागतं. चढवायला दोघं, उतरवायला दोघं."

"बरं."

"आणि इथं सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आजारी असल्यासारखं वाटतं." मग त्यांनी विचारलं, "गाडी कशी जाते?"

"डावीकडे ओढते."

"कधीपासून?"

"तुम्ही गेल्यापासून."

चाळीस वर्षं पटरी मोजलेला माणूस होता. त्यांना हिशेब लागायला वेळ लागला नाही. मग म्हणाले, "राठौरला हात लावू देऊ नको. मी पुढच्या शुक्रवारी येतो."

बापू आले, पण वाळून आले. केतकीकडचं बिनतेलाचं जेवण त्यांना मानवलं नव्हतं. शनिवारी ते शेजारी बसले आणि गाडी तरीही किंचित डावीकडे गेली. विहंगनं गाडी परत फिरवली, बापूंना घरातल्या काट्यावर उभं केलं. पंचावन्न. त्यानं सात किलो गहू पिशवीत भरला आणि बापूंच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"सेटिंग."

बापूंनी पिशवी रामघाटापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली. गाडी सरळ गेली. घाटावर तोच पंडा पुढं आला, दार उघडलं, आणि मांडीवरचा गहू बघून त्याचा चेहरा फुलला. "वाह यजमान, अन्नदान!" म्हणत त्यानं एका हातानं पिशवी घेतली, दुसऱ्यानं बापूंचं मनगट, आणि एकाच हिसक्यात दोन्ही बाहेर काढलं. बापू उभे राहिले तेव्हा त्यांनाच आश्चर्य वाटलं. पिशवी मात्र परत मागायची कोणाचीच हिंमत झाली नाही.

परतताना गाडी पुन्हा डावीकडे ओढू लागली.

"आता काय रोज सात किलो वाटायचे?" बापू म्हणाले.

"मग जेवत जा ना नीट."

"जेवलो असतो. वरणात मीठ कोण टाकणार?"

"मग सव्वा वर्ष सांगितलं का नाही?"

"तू तरी सांगितलंस?"

माधवनगर येईपर्यंत दोघं भांडत होते. घर आलं तरी भांडण संपलं नव्हतं, म्हणून विहंगनं गाडी न थांबवता आणखी एक चक्कर मारली.