छापील आमंत्रण

माझ्या मुलाचं, शुन्पेईचं, ओसाकात घर बदलल्याचं पोस्टकार्ड सप्टेंबरच्या सुरुवातीला आलं आणि त्यावरचं शेवटचं वाक्य खरं मानायचं असं मी ठरवलं. एवढाच माझा गुन्हा. वाक्य असं होतं : 'इकडे कधी येणं झालं, तर घरी जरूर डोकावा.'

"अगं, ते छापील असतं," आमचे हे म्हणाले. "छापखान्यातच घालून देतात सगळ्यांना. आपण हे घर बांधलं तेव्हा आपल्याही कार्डावर होतं."

"मग?"

"मग कोण आलं होतं?"

(यांची धाकटी बहीण आली होती आणि पाच दिवस राहिली होती. पण मी बोलले नाही. मला जाऊ देईपर्यंत यांचं मन राखायचं होतं.)

माझी नात कोतोने तेव्हा दहा महिन्यांची होती. मी तिला एकदाच पाहिलं होतं, तेही हॉस्पिटलच्या काचेतून. मे महिन्यात ते लोक येणार होते, तर तिला ताप आला. ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला येणार होते, तर गाडी बिघडली. फोनच्या पडद्यावर ती मला दिसायची, पण पडद्यावरच्या मुलीला मांडीवर घेता येत नाही. मला तिला एकदा उचलायचं होतं. बाकी काही नको होतं.

"सरळ फोन करून विचार ना, येऊ का म्हणून," हे म्हणाले.

"विचारलं तर नको म्हणतील."

"आणि न विचारता गेलीस तर?"

"तर नको म्हणायला वेळ मिळणार नाही."

पण कार्डावर 'येणं झालं तर' असं होतं. म्हणजे आधी दुसऱ्याच कामासाठी ओसाकाला जायला हवं, आणि मग सहज डोकवायला हवं. तोत्तोरीच्या किनाऱ्यावर माशाच्या वड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईचं ओसाकात काय काम निघणार? म्हणून मी शहर बघायला निघाले. अठ्ठावन्न वर्षांत कधी बघावंसं वाटलं नव्हतं. चार दिवसांची रजा, तीन रात्रींचं स्वस्त हॉटेल, आणि हातात पाच किलो नासपतींची पेटी. सहज डोकावणारी बाई पाच किलो नासपती घेऊन का हिंडत असेल, हा विचार मला बस सुटल्यावर सुचला.

पहिला दिवस उमेदा स्टेशनखालच्या भुयारी रस्त्यांत गेला. बाहेर पडायला गेलं की मी एकाच पावाच्या दुकानासमोर उगवत होते. तिसऱ्या वेळी दुकानातल्या बाईंनी विचारलं, "काय हो, पेटी पोचवायला आलात का?"

"नाही, फिरायला आलेय."

"ती घेऊन?" त्या म्हणाल्या. "बाई गं. त्यापेक्षा नवरा घेऊन यायचा. तो निदान स्वतः चालतो."

तिथूनच मी शुन्पेईला फोन लावला.

"अरे, मी सहज इकडे आले होते."

"इकडे म्हणजे?"

"ओसाकात."

तो म्हणाला, "आई, ओसाका म्हणजे काही आमची गल्ली नाही. कशाला आलीस?"

"शहर बघायला."

"एकटी? बाबांशी भांडलीस का?"

"छे."

"आज उशीर होणार आहे मला. तू किल्ला बघून घे." आणि फोन ठेवता ठेवता, "उद्या दुपारी सायाका असेल घरी. वाटलं तर डोकाव."

बघा, डोकाव म्हणाला. यांना फोन करून मी तेवढं ऐकवलं. हे म्हणाले, "'वाटलं तर' म्हणाला ना?" यांचे कान अशा वेळी फार तीक्ष्ण असतात.

दुसऱ्या दिवशी मी चौथ्या मजल्यावर त्यांच्या दारासमोर उभी राहिले. सूनबाईंनी दार उघडलं. सायाका चांगली मुलगी आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं ते तिच्यामुळे नाही, आमच्या गावाच्या शिकवणीमुळे झालं.

आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं की आत या म्हटल्याबरोबर आत शिरत नाहीत. आधी म्हणायचं, "नको, दारातूनच बरं." मग घरची बाई म्हणते, "असं कसं?" आपण दुसऱ्यांदा नको म्हणायचं. मग ती बाही धरून ओढते. तिसऱ्या नकोला आपण चपला काढलेल्या असतात. माझं सगळं आयुष्य या तीन नकोंवर चाललंय.

"या ना आत," सायाका म्हणाली.

"नको, दारातूनच बरं," मी म्हणाले.

"हो का? बरं," सायाका म्हणाली.

माझा दुसरा नको तोंडातच राहिला. पुढचा पाय मी चपलेतून अर्धा काढला होता, तो हळूच परत घातला.

"कोतोने आत्ताच झोपलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही घाईत असाल ना?"

"हो, खूप घाईत आहे," मी म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक. मला हॉटेलवर जाऊन भिंतीकडे बघण्याखेरीज काही काम नव्हतं.

तिने पेटी घेतली, वाकून आभार मानले आणि परतभेट म्हणून तांदळाच्या खारट बिस्किटांचा पुडा दिला. दार लागलं. आतून बाळाचा आवाज आल्यासारखा वाटला, पण बंद दाराला कान लावून उभं राहणं बरं दिसलं नसतं. (लावला होता. तो आवाज टीव्हीचा होता.)

तिसऱ्या दिवशी मी इमारतीसमोरच्या बागेत बाकावर जाऊन बसले. सायाका कधीतरी बाबागाडी घेऊन खाली उतरेलच, मग मी म्हणेन, "अगंबाई, तुम्ही इथे?" सकाळी नऊला बसले. दहाच्या सुमाराला घसरगुंडीवरची मुलं त्यांच्या आयांनी दुसरीकडे नेली. साडेअकराला पोलीस आला.

"काय आजी, बसलात का?"

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला आजी. पण मी आजीच होते, म्हणून तक्रार केली नाही.

"कुठल्या तुम्ही?"

"तोत्तोरीच्या."

"इथे कुठे उतरलात?"

हॉटेलचं नाव इंग्रजी होतं आणि लांब होतं. "स्टेशनजवळ," मी म्हणाले.

"कुणाकडे आलात?"

"मुलाकडे."

"तो कुठे राहतो?"

मी बोट वर केलं. "तिथे, चौथ्या मजल्यावर. हिरवा टॉवेल वाळत घातलाय ते."

पोलिसाने टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग इथे का बसलात? वर का जात नाही?"

यावर काय सांगायचं? पहिल्या नकोलाच सुनेने बरं म्हटलं, हे? तरणा पोलीस, त्याची आई असेल माझ्याच वयाची. आपल्या घरातली गोष्ट परक्याला कशाला, म्हणून मी म्हणाले, "मला आत्ता आठवत नाही."

त्याने लगेच वही काढली आणि आवाज मऊ केला. "काही हरकत नाही, आजी. होतं असं. चला, आपण चौकीत बसून चहा घेऊ."

पाऊण तासात शुन्पेई ऑफिसातून धावत चौकीत आला. टाय खांद्यावर गेला होता. माझ्यासाठी त्याला धावताना मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात तो माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "आई, घाबरू नकोस. आता आमच्या घरी चल. आजची रात्र तुला एकटीला सोडणार नाही मी."

आमच्या घरी चल. मी तोंड मिटलं.

या वेळी सायाकाने आत या असं म्हटलंच नाही. तिने मला हात धरून आत घेतलं, वाकून माझ्या चपला काढल्या, मऊ सपाता पायात घातल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. माझ्याच नासपती सोलून, बारीक फोडी करून समोर ठेवल्या. मग फोनवर बघत म्हणाली, "आई, मी सहज पाच गोष्टी विचारते हं. नाही आल्या तरी चालेल."

शहाणी ठरले तर अर्ध्या तासात हॉटेलवर जावं लागेल, हे मला दिसत होतं. तिने वय विचारलं, मी एकोणचाळीस सांगितलं. (ते सांगताना बरंही वाटलं.) बुधवार होता, मी रविवार म्हणाले. शहर कोणतं, तर कोबे. मग तिने तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले : लिंबू, छत्री, पूल. थोड्या वेळाने विचारलं, तर मी म्हणाले, "लिंबू, कात्री, मूल." शुन्पेई खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाईट वाटलं. सगळंच चुकवलं तर उद्या थेट वृद्धाश्रमात नेतील, अशी भीतीही वाटली. म्हणून पाचवा प्रश्न नीट सोडवायचं ठरवलं. शंभरातून सात वजा करून येईल त्यातून पुन्हा सात वजा करायचे होते. मी मन लावून हिशेब केला आणि खणखणीत उत्तर दिलं. सायाकाने ते कागदावर लिहून घेतलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून रडणं ऐकू आलं आणि सायाका कोतोनेला घेऊन आली. केस घामाने डोक्याला चिकटलेले, एका गालावर उशीचा वळ. मी उठून दोन्ही हात पुढे केले.

सायाकाने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आज नको हं, आई. चुकून हातातून सुटली तर?"

"माझ्या हातातून? मी रोज वीस किलोचे माशांचे क्रेट उचलते."

"अजून उचलतेस, आई?" शुन्पेईने हळूच विचारलं.

"गेल्या शनिवारपर्यंत उचलत होते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे बघा, मला काहीही झालेलं नाही," मी म्हणाले. "मी नाटक करत होते. मला आत यायचं होतं, म्हणून."

सायाका माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हो, आई. मी वाचलंय. सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

जेवताना कोतोने टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसली होती. तिने चोखून ओलं केलेलं बिस्किट माझ्याकडे पुढे केलं. माझा हात पोचायच्या आत सायाकाने तिची बोटं पुसून घेतली.

सकाळी शुन्पेईने मला बसमध्ये बसवलं. गळ्यात माझं नाव आणि त्याचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड अडकवलं. या कार्डावरचं सगळं त्याने हाताने लिहिलं होतं. ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हर मोठ्याने म्हणायचा, "आजी, तुमचं गाव अजून आलं नाही. बसून राहा."

घरी आल्यावर यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. हे आधी हसले, मग बराच वेळ हसले नाहीत. मग चष्मा लावून सायाकाने डॉक्टरांसाठी दिलेला कागद वाचायला लागले.

"पाचांपैकी शून्य," हे म्हणाले. "कमाल आहे तुझी. अगं, एखादं तरी बरोबर द्यायचंस. कुणाला खरंच वाटेल."

"करायचं तर नीट करावं, म्हटलं," मी म्हणाले.

आणि चहा टाकते असं सांगून स्वयंपाकघरात गेले. दार लावून घेतलं आणि त्र्याण्णवापासून बोटांवर मागे मोजायला लागले. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा शहाऐंशीच आले; तिथे मी चौऱ्याऐंशी सांगितले होते.