मुळेकाकांच्या काँप्युटरचा ताप

आमच्या शेजारचे मुळेकाका काँप्युटरचा ताप हाताने बघायचे. आई लेकराच्या कपाळाला लावते तसा पालथा हात डब्याला लावायचा, डोळे मिटायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर करायचं, "कसर हाय अजून."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. मी वाटीभर मऊ भात घेऊन धावले. काका टेबलाखाली मांडी घालून, डब्याचं झाकण काढून आत फुंकर घालत होते. भात त्यांनीच खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाले.

काका सोयगावच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले आणि पुंडलिकनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. घराणं भिक्षुकीचं, म्हणून हौसेने काँप्युटरवर जन्मपत्रिका काढून द्यायचे. पत्रिका काढायला मशीन एवढं तापतं कशाला, असं मी एकदा विचारलं.

"गुरूची असली की गार राहतं," काका म्हणाले. "कडक मंगळ आला की बघा, पंखा कसा भणाणतो!"

दिवस दुष्काळाचे होते. नळाला पाणी कधी येईल ते देवालाही विचारून उपयोग नव्हता. बोअर आटले होते. तरी शहराला वाढायची घाई. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर अपार्टमेंट उभं राहिलं, तिथला कडुलिंब गेला आणि होती नव्हती ती वाऱ्याची झुळूकही अडली. काकांचं घर वरच्या मजल्यावर. दुपारी स्लॅब असा तापायचा की खालून हात लावला तरी चटका बसावा.

आदल्या उन्हाळ्यात तर मुळेकाकू टँकरपाशी हंडा घेऊन उभ्या असताना चक्कर येऊन पडल्या होत्या. ऊन लागलं होतं. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. परत असं झालं तर हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं. पण घरी आल्यावर काकूंसाठी कूलर घेऊ म्हटलं, तर काकूच उसळल्या. "बायाबापड्या हंड्यासाठी भांडतेत अन् मी बादल्या ओतून गार हवा खाऊ? मला नाय सोसायचं."

काकू असल्या हट्टी. कपाळाला हातसुद्धा लावू द्यायच्या नाहीत. "काय लहान हाय का मी?"

आणि काका? ज्यांची बायको मरता मरता वाचली, त्यांना या उन्हाळ्यात काळजी कुणाची, तर काँप्युटरची! माझं डोकं तेव्हापासूनच फिरलेलं.

क्रांती चौकातल्या दुकानातून सलीम नावाचा मेकॅनिक यायचा. त्याने ब्लोअरने धूळ उडवली, डबा भिंतीपासून लांब सरकवला आणि प्रोसेसर किती तापलाय तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसेल अशी सोय करून दिली. ही शेवटची सोय त्याने करायला नको होती. काका दिवसभर आकडे ओरडू लागले. "शहात्तर! अहो, शहात्तर!" म्हणताना त्यांचा आवाज कापायचा.

"धूपकाला है काका, गरम तो होईंगाच," सलीम म्हणाला.

काका एकदम लालबुंद झाले. "होईंगाच म्हणून सोडून द्यायचं? असंच म्हणत बसतो माणूस, अन् मग लई उशीर होतो!"

सलीमने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

दुसऱ्या आठवड्यात कूलर आला. काकूंसाठी नव्हे, काँप्युटरसाठी. मशीन बिघडलं तर लोकांच्या पत्रिका अडतील, हे काकूंना पटलं. कूलरची ओली हवा सरळ मशीनवर नको, असं सलीमने सांगितलं होतं. त्यावर काकांनी काढलेला उपाय ऐकून मला घेरी यायची बाकी होती. त्यांनी खिडकीतला कूलर आणि टेबल यांच्यामध्ये काकूंची बाज टाकली. "मधी माणूस असलं की ओल माणसात जिरते," म्हणाले. वर काकूंना ड्यूटी लावली. "मशीनला एकटं सोडू नको. दुपारभर इथंच पडून राहा, नजर ठेव."

टँकरच्या रांगेत मी त्यांना धरलंच. "काका, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही डब्याला आंघोळ घालता? माणूस मोठं की मशीन?"

"मशीन मुकं असतं हो," काका बादली उचलत म्हणाले. "त्याला सांगता येत नाय."

"माणसाला येतं ना?"

काकांनी बादली दुसऱ्या हातात घेतली. "सगळ्यांना नाय येत," म्हणाले आणि जिना चढून गेले. मी मागून पुष्कळ बडबडले.

कळस झाला तो लेपाचा. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक पेस्ट असते, ती वाळलीय, उद्या नवी आणून लावतो, असं सलीम सांगून गेला. काकांना कुठला उद्यापर्यंत धीर! पेस्ट म्हणजे लेप, आणि थंडाव्याचा लेप म्हणजे चंदन. देवघरातली सहाण काढून त्यांनी खोड उगाळलं आणि प्रोसेसरला गंध लावलं.

"या अल्ला! ये क्या लगाए काका?" सलीमने उघडून बघितलं आणि खाली फरशीवर बसला.

"चंदन. अस्सल. बाजारातल्या पेस्टीपेक्षा थंड."

सलीम आतलं बरंच काहीबाही काढून पिशवीत घालून घेऊन गेला. बाजेवर बसलेल्या काकूंच्या कपाळावर तोच चंदनाचा जाड लेप होता. "उरलं होतं सहाणेवर," त्या मला म्हणाल्या. "टाकून कामून द्यायचं?"

पुढे काकांचे आकडे परत ऐकू येऊ लागले, तेव्हा मशीन दुरुस्त झालं असं मी धरून चालले.

मग मे महिन्यातली ती दुपार. लाइट गेली. थोड्याच वेळात काका माझ्या दारात उभे. चेहरा पांढराफटक, हातात वर्तमानपत्राची घडी. "चला लवकर. लई तापलंय. मला नाय समजत काय करू."

डब्यासाठी एवढं, म्हणत मी चिडूनच वर गेले. खोलीची नुसती भट्टी झाली होती. काका डब्याकडे तोंड करून वर्तमानपत्राने जोरजोरात वारा घालू लागले. पण ते उभे होते बाजेच्या अलीकडे, आणि सगळा वारा आधी लागत होता तो काकूंना. काकू डोळे मिटून पडल्या होत्या, गाल लाल झाले होते. माझी नजर डब्याच्या उघड्या बाजूकडे गेली. आत काहीच नव्हतं. प्रोसेसर नाही, पंखा नाही. कोपऱ्यात कोळ्याने जाळं धरलं होतं.

मला एकदम सगळं समजलं. एवढे दिवस काका ज्याला भीत होते ते मला आत्ता दिसत होतं. काका पंचा भिजवायला मोरीत पळाले.

"मशीन चंदनाच्या दिवशीच मेलंय," काकू डोळे न उघडता हळूच म्हणाल्या. "मी तिथंच बसले होते. ह्यांना वाटतं, मला ठाऊक नाय. तुम्ही बोलू नका, बरं का. लई भेतेत ते."

काका ओला पंचा घेऊन आले आणि डब्यावर टाकावा की कुठे, अशा विचारात घुटमळले.

"इकडं द्या," काकू म्हणाल्या. "त्यावर नका टाकू, ओल धरंल. माझ्या डोक्यावर ठेवते तवर. अन् वारा थांबवू नका हो. मशीन अजून तापलेलंच हाय."

काकांनी पंचा त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि परत वारा घालू लागले. बऱ्याच वेळाने मला विचारलं, "बघा हो जरा. उतरला का?"

मी डब्याकडे गेलेच नाही. पालथा हात काकूंच्या कपाळाला लावला. या वेळी त्यांनी तो झटकला नाही.

"उतरतोय, काका," मी म्हणाले. "थोडी कसर आहे. घाला वारा."