अकरा चिंचोक्यांचं जंगल

"घड्याळाच्या पोटात केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी! मला चिमुकलं जंगल उभं करायला कितीसा वेळ!" घड्याळजींनी बायकोला हे छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा चिंचोके अजून पाण्यात भिजतच होते.

भानगड सुरू केली सासूबाईंनी. त्या निवृत्त हेडमास्तरीण. दोन्ही जावयांना अंगणातल्या चिंचेचे अकरा-अकरा चिंचोके देऊन म्हणाल्या, "यांचं बोन्सायचं जंगल करायचं. एका पसरट कुंडीत अकरा झाडं. तीन वर्षांनी माझ्या पंचाहत्तरीला ज्याचं चांगलं, त्याचं माझ्या खिडकीत!"

ती खिडकी म्हणजे घड्याळजींचं जुनं दुखणं. त्यांनी दिलेलं घड्याळ 'फार टिकटिकतं' म्हणून माळ्यावर गेलं होतं, आणि खिडकीत धाकट्या जावयाचा, म्हणजे साडूचा, फोटो हसत बसला होता. साडू विमा एजंट. तो गडगडाटी हसायचा आणि सासूबाई, ज्या कुणाबरोबर हसत नसत, त्याच्याबरोबर हसायच्या! घड्याळजींचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यांनी रोपांचे लाड सुरू केले. प्रत्येकाला वेगळी बादली, बादलीभर खत. "आधी अंग धरू दे, शेवटी एकदाच छाटू," हे त्यांचं धोरण.

"अहो, बाल्कनी भरली. कपडे कुठे वाळत घालू?"

"फांद्यांवर घाल!"

सहा महिन्यांनी साडू दौऱ्यावर निघाला. "दादा, ही किल्ली ठेवा. माझ्या कुंडीला जरा पाणी घाला. मी मेला विसरूनच जातो."

घड्याळजी गेले. बघतात तर काय, विसरलेली रोपं यांच्या लाडावलेल्यांपेक्षा टवटवीत! डोकंच फिरलं. खिशातून बारीक कात्री काढली, एकेक रोप उपटलं, सरळ खाली जाणारं सोटमूळ कचकन कापलं, वर शेंडाही खुडला. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सगळी रोपं वाकडीतिकडी परत खोचून ते घामाघूम होऊन पळाले. पाणी मात्र घातलं. शब्द म्हणजे शब्द!

पुढच्या दौऱ्याला जाऊन पाहिलं, तर एका शेंड्याच्या जागी चार फुटवे! "निर्लज्ज कुठली!" म्हणत त्यांनी पुन्हा कात्री चालवली. मग दर दौऱ्याला हेच. जितकं छाटावं तितकी झाडं अंगानं भरत होती, आणि घड्याळजी वाळत होते.

पंचाहत्तरी आली. घड्याळजींची झाडं तोवर छताला टेकली होती. आदल्या दिवशी सगळी एकदम छाटून त्यांनी कुंडीत बसवली. उरल्या अकरा काठ्या!

सासूबाईंनी चष्मा सावरला. "कुंपण छान आहे हो. जंगल कुठाय?"

परीक्षक म्हणून आलेल्या रोपवाटिकावाल्या बाई मात्र साडूच्या कुंडीपुढून हलेनात. "सोटमूळ कोवळेपणीच कापलंय. शेंडे वेळच्या वेळी खुडलेत. आणि कडेची झाडं कशी बाहेर झुकवलीत! हा हात कुणाचा?"

"देवाचा!" साडू म्हणाला. "मी फक्त पाणी घातलं. तेसुद्धा विसरत विसरत."

"किती विनयशील!" सासूबाई गहिवरल्या.

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आपल्या कात्रीचं कौतुक साडूच्या पदरात पडताना पाहणं घड्याळजींच्या सोसण्यापलीकडचं होतं.

"कसला देवाचा? माझा हात आहे तो! अडीच वर्षं जळून जळून छाटलीत मी ती!"

सासूबाईंनी आधी कुंडीकडे पाहिलं, मग थोरल्या जावयाचं घड्याळ पडलेल्या माळ्याकडे.

सासूबाई उठल्या. त्यांनी कुंडी खिडकीत ठेवली. फोटो जरासा सरकवला, पण काढला नाही.

साडू मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला आणि त्यानं खिशात हात घातला. "दादा, मी नवे अकरा चिंचोके पेरलेत. गुरुवारी दौऱ्यावर चाललोय. ही घ्या किल्ली. या, अगदी मनसोक्त जळा!"

घड्याळजींनी रागानं तोंड फिरवलं. किल्ली मात्र घेतली.