व्हाळाच्या पलतडी

माझे मेहुणे पुंडलिकभावोजी आगीशी बोलत. तेही कोकणीतून, लाडात. तिला ते ‘बाय’ म्हणत.

भावोजी वनरक्षक. थंडी ओसरली की डिचोलीकडच्या सरकारी रानात जाळरेषा काढायच्या. म्हणजे सुकं गवत पट्ट्यापट्ट्यांनी आपणच जाळून टाकायचं, की उन्हाळ्यात वणवा आला तरी त्याला पुढे खायला काही उरू नये. सकाळी वारा पडलेला असताना भावोजी काडी लावत आणि बोट उगारून बजावत, “बाये, व्हाळामेरेन वच. पलतडी वचूं नाका हां!” बायही गुणाची. ओढ्यापर्यंत जायची, पलीकडे पाऊल न टाकता तिथेच निजायची. ‘विझली’ म्हटलेलं भावोजींना खपत नसे.

एकदा मीही मदतीला गेलो. हातात ओल्या पाल्याच्या फांदीचा टाळा घेऊन शूरासारखा उभा राहिलो आणि पहिल्या धगीसरशी व्हाळात जाऊन बसलो.

“बाय थंय येवची ना, मेवण्या,” भावोजी पाण्यातल्या खेकड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “पूण कुर्ल्यो आसात!”

त्या दिवसांत राजभाषा मराठी की कोकणी यावरून आमच्या ओसरीवर रोज भांडण पेटे. आगीची राजभाषा मात्र कधीच ठरून गेली होती.

घोर होता सुलूचा, त्यांच्या एकुलत्या लेकीचा. स्थळ आलं की भावोजींचं एकच, “आधी जाळरेषा, मग लग्न.” जाळरेषा झाली की वणव्याची राखण, मग पाऊस. माझी ताई करवादायची, “गोव्याला राज्य मिळालं, माझ्या चेडवाला, सुलूला, घर कधी मिळायचं?”

शेवटी सावंतवाडीचे पाहुणे चिवट निघाले. भावोजींच्या पेडण्याच्या घरी न थांबता मुलाला घेऊन थेट रानात आले. मुलाने टाळा उचलला आणि दुपारपर्यंत कडेची आग झोडपली. जाळरेषा संपली. सबबही संपली.

लग्नात भावोजी पंगतीतून ओरडत, हसत, वाढत फिरले. पाठवणीला आम्ही सगळे रडलो. मी तर ताईपेक्षा मोठ्याने. गाडी सुरू झाली, तसं भावोजींचं बोट सवयीने वर गेलं.

“बाये, पलतडी वचूं...”

मांडवभर हशा पिकला. नवऱ्याचं घर तर व्हाळ सोडाच, नदीच्याही पलीकडे! सुलू हसत, डोळे पुसत खिडकीतून वाकली. “येतां हां, बाबा!”

गाडी वळणाआड गेली. भावोजी बोट खाली घ्यायचं विसरले होते.