दिनूकाकांचं चपलांचं पार्किंग

जयेंद्रगंजातल्या आमच्या जिन्याशी कुणी चपला काढल्या, की वरच्या मजल्यावरचे दिनूकाका खाली येऊन त्या तिरक्या लावतात. टाचा भिंतीकडे, अंगठे रस्त्याकडे. भिंत म्हणजे समुद्र.

ग्वाल्हेरला समुद्र नाही हे काकांना ठाऊक आहे. पण त्यांची एकुलती एक मुलगी मंजू कोकणात, समुद्राकाठच्या एका गावात राहते आणि तिथल्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. पर्यटकांच्या गाड्यांनी गावचा रस्ता भरतो, म्हाताऱ्यांना आणि पोरांना चालायला जागा उरत नाही, असं तिनं मला फोनवर सांगितलं. मला, कारण बापलेकीचं बोलणं नाही. तिनं स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं आणि काका रुसून लग्नाला गेलेच नाहीत.

गाड्यांचं ते मी काकांच्या कानावर घातलं, तेव्हापासून बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस चपलांना गाड्या मानून पार्किंगचे प्रयोग करतो. "पहले पैदल, फिर गाडी," हे पालुपद. मधली फरशी चालणाऱ्यांची, तिच्यावर चपलेचा अंगठासुद्धा यायला नको. पायपुसणं म्हणजे गतिरोधक. रचना जमली की मी फोटो काढून मंजूला पाठवायचा. त्यांचं नाव मात्र सांगायचं नाही.

माझ्या हळदीकुंकवाच्या यादीत तिळगूळ, वाण, अत्तर सगळं होतं. वाहतूक नियंत्रण नव्हतं. काका शिट्टी घेऊन जिन्यात उभे. डॉक्टरीणबाईंच्या उंच टाचांच्या सँडल त्यांनी 'टूरिस्ट बस' ठरवून थेट जिन्याखाली पाठवल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात एका बाईंनी आमच्या दाराशेजारी चपला काढल्या आणि काका वाकून त्या उचलायलाच लागले. ती एक जागा ते रोज रिकामी ठेवतात.

"काका, आता पुरे हं," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "बायका हसताहेत. एवढी राखीव जागा आहे तरी कुणाची?"

त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

"तुझं दार म्हणजे मंजूचं फाटक," ते खाली बघत म्हणाले. "तिथे ग्वाल्हेरची एक गाडी लागायची आहे. अजून निघालीच नाही. शरमाती है थोडी."

बायकांचं हसू थांबलं. त्या बाईंनी आपल्या चपला उचलून पलीकडे ठेवल्या. मी फोन काढला. काकांनी कोपऱ्यातल्या स्वतःच्या जुन्या वहाणांकडे एकदा पाहिलं, पण त्या हलवल्या नाहीत.

"फोटोत ती जागा नीट येऊ दे," ते म्हणाले.